पाटावर बसलेली गाडी

शेवंती भालेराव गाडी चालवायला शिकली ती वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, आणि शिकली ती डब्यांसाठी. साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये काम करणाऱ्या पंचेचाळीस माणसांचं दुपारचं जेवण तिच्या घरून जायचं. आधी ते रिक्षाने जाई आणि अर्धी आमटी रिक्षाच्या पायाशी सांडे. मग तिने एक जुनी व्हॅन घेतली, मागच्या सीटा काढून तिथे फळ्यांचे कप्पे करून घेतले, आणि घाटकोपरच्या त्या गल्लीत रोज पावणेबाराला तिच्या घराचं फाटक उघडू लागलं. नवरा शिवदास सकाळी सातलाच कामावर जाई. भाज्या चिरायला, पोळ्या लाटायला शेजारची सपना येई. बाकी सगळं शेवंतीचं.

घर बैठं, जुन्या वसाहतीतलं. पुढे व्हॅन मावेल एवढं अंगण. समोरच्या बाजूलाही पूर्वी अशीच घरं होती. ती पाडून टॉवर झाला आणि गेल्या दिवाळीत त्याच्या तळमजल्यावर जिम उघडली. पुढची भिंत सगळी काचेची. काचेमागे माणसं पट्ट्यावर जागच्या जागी धावताना दिसायची. जिमला दोन गाड्यांची जागा होती, पण ती मॅनेजरने साखळी लावून मालकासाठी राखून ठेवली होती, आणि मालक यायचा महिन्यातून एकदा. मग येणाऱ्यांच्या गाड्या लागायच्या समोर, म्हणजे शेवंतीच्या फाटकाला टेकून.

तिने काय करून पाहिलं नाही? फाटकावर पाटी रंगवली. त्या पाटीसमोरच गाड्या लागल्या. कुंड्या मांडल्या, तर त्या कुणीतरी उचलून नीट भिंतीला लावून ठेवल्या आणि गाडी लावली. पोलिसांच्या नंबरवर फोन केला की ते गाडीचा नंबर लिहून घ्यायचे आणि माणूसही पाठवायचे, पण तो येईपर्यंत गाडीवाला घाम पुसत निघून गेलेला असायचा. दोन फर्लांग चालायचा कंटाळा म्हणून हे लोक फाटकात गाडी लावतात आणि आत जाऊन तासभर धावतात, हे सपनाला काही केल्या समजत नव्हतं. ती रोज पोळ्या लाटता लाटता याच गोष्टीवर येऊन थांबायची.

त्या सगळ्यांत हर्षद नावाचा एक होता. सत्तावीस-अठ्ठावीसचा, पवईत कुठल्याशा ऑफिसात दुपारच्या पाळीला. काळी, उंच, ट्रकएवढ्या चाकांची गाडी. इतर लोक निदान हाक मारली की ओशाळून खाली येत. हा येत नसे. एकदा शेवंती स्वतः जिममध्ये गेली. आत गाणी एवढी मोठी की स्वतःचा आवाज ऐकू येईना. ती त्या यंत्रांच्या मधोमध उभी राहून गाडीचा नंबर ओरडून सांगत होती, हाताला अजून कणीक चिकटलेली, आणि आरशात तिला तिच्याच पन्नास शेवंत्या दिसत होत्या. हर्षदने कानातला इअरफोन काढला, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आंटी, दहा मिनिटं. डबेच तर न्यायचेत ना?"

त्या दहा मिनिटांची चाळीस झाली. ते वाक्य तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं.

मार्चमधल्या एका मंगळवारी मात्र गोष्ट नुसत्या बोलण्यावर राहिली नाही. गाडी तीच, फाटकाला आडवी. दीड तास हलली नाही. शेवटी शेवंती आणि सपनाने डबे पिशव्यांत भरून दोन रिक्षांत घातले. साकीनाक्याला पोचेपर्यंत पावणेदोन झाले होते. गाळ्यात भीमराज नावाचा साठीचा टर्नर होता, साखरेचा आजार असलेला. एकला जेवण येणार या हिशेबाने त्याने पाऊणला इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं होतं. शेवंती पोचली तेव्हा त्याला लेथच्या बाजूला आडवा केला होता, अंग घामाने भिजलेलं, आणि कुणीतरी त्याच्या तोंडात साखर घालत होतं. तो वाचला. अर्ध्या तासाने उठून बसला आणि उलट तिलाच म्हणाला की ताई, रस्त्यात ट्रॅफिक असतं, तुमचा काय दोष. त्याने तिला जास्तच लागलं. ट्रॅफिक नव्हतंच. ती घरातच अडकून पडली होती.

हे सगळं बाळा परब बघत होता. बाळा पलीकडच्या गाळ्यात फॅब्रिकेशन करायचा. वडील गिरणीत होते, गाव मालवणाकडचं, आणि भाषा अजून गावचीच. त्याने रिकामे डबे व्हॅनऐवजी रिक्षात चढवायला मदत केली आणि तेवढ्यात सगळी हकीकत काढून घेतली. शेवंती म्हणाली की एवढी गाडी उचलायला वीस माणसं लागतील, तिच्या गल्लीत दिवसा वीस माणसं आणायची कुठून?

बाळाने रिक्षाच्या चाकांकडे पाहिलं. मग म्हणाला, "वयनी, गाडी उचलूक माणसां कित्याक व्हयी? गाडीकच पाय लावया."

त्या रविवारी तो तिच्या दारात हजर झाला, टेम्पोत चार लोखंडी पाट घेऊन. जेवायला बसायचा पाट असतो तसेच, फक्त मध्ये चाक बसेल एवढा खोलगट, आणि प्रत्येकाच्या खाली चार फिरती चाकं, मोठ्या कारखान्यात ट्रॉलीला असतात तसली. सोबत एक जॅक. गाडीचं एक चाक जॅकने उचलायचं, खाली पाट सरकवायचा, जॅक सोडायचा. असं चार वेळा. मग गाडीचा ब्रेक लावलेला असो, गिअर असो, तिला काही विचारायचं कारणच उरत नाही. ती चारी पाटांवर बसून ढकलाल तिकडे जाते. बाळाने सरावासाठी शेवंतीचीच व्हॅन घेतली. जॅक गाडीच्या पोटाला लावायचा नाही, कडेच्या जाड पट्टीलाच लावायचा, नाहीतर पत्रा दबतो, हे त्याने तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. गल्लीचा रस्ता दोन महिन्यांपूर्वीच काँक्रीटचा झाला होता, सपाट. व्हॅन आडवी सरकली तेव्हा शेजारच्या वनमालाबाई, वय वर्षं सत्तर, शाळेत शिपाई म्हणून तीस वर्षं नोकरी केलेल्या, ओट्यावरून उठून आल्या आणि म्हणाल्या की पुढच्या वेळी मलाही बोलवा.

पुढची वेळ आली ती गुरुवारी.

साडेदहालाच काळी गाडी फाटकात येऊन उभी राहिली होती. शेवंतीने अकराला एकदा, साडेअकराला एकदा रस्ता ओलांडून मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर म्हणाला की मेंबरला मध्येच उठवता येत नाही, नियम आहे. ती वाद न घालता परत आली. मोबाईलवर गाडीचे फोटो काढले, चारी बाजूंनी, फाटकासकट आणि पाटीसकट, वेळ दिसेल असे. मग पदर खोचला आणि सपनाला म्हणाली, "पाट काढ."

पहिल्या चाकाजवळ बसून तिने जॅक कडेच्या जाड पट्टीला लावला. जॅकचा दांडा मारताना तिला सारखं वाटत होतं की आता खालून काहीतरी कडकन मोडेल. गाडी मोडली नाही. ती कुरकुरत वर आली, सपनाने पाट सरकवला, शेवंतीने जॅक सोडला, आणि एवढं ते रुबाबदार चाक गुपचूप पाटावर बसलं. दुसऱ्या चाकाला हात सराईत झाले. तिसऱ्याला कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आपली इस्त्री बाजूला ठेवून बघायला आला. चौथ्याला काचेमागचे दोन पट्टे थांबले.

आता ढकलायची कुठे, हा प्रश्न होता. बाजूला सरकवली तर दुसऱ्या कुणाचं तरी दार अडणार, आणि शेवंतीला ते नको होतं. तिने समोर पाहिलं. जिमच्या दाराशेजारी दोन गाड्यांची जागा, रस्त्याच्याच पातळीत, स्वच्छ झाडलेली, रिकामी. साखळीला कुलूप नव्हतं, नुसता आकडा होता. ती गेली आणि आकडा काढून साखळी खाली सोडली.

मागे शेवंती आणि सपना, एका कडेला इस्त्रीवाला, पुढे वनमालाबाई एक हात वर करून गल्लीतल्या स्कूटरी थांबवत. पहिल्या जोराला गाडी जागची हलली नाही. दुसऱ्याला हलली. आणि एकदा हलली ती मग थांबेना. अख्खं काळं धूड आडवंच्या आडवं, काचा बंद, ब्रेक लावलेला, तीन माणसांच्या हातांनी रस्ता ओलांडू लागलं. काचेमागे आता सगळे पट्टे थांबले होते. दंडावर बेटकुळ्या असलेले वीस-बावीस जण हातात पाण्याच्या बाटल्या धरून बघत होते, आणि समोर नऊवारीतल्या वनमालाबाई "डावीकडे, अजून डावीकडे" असं सांगत होत्या. शेवंतीला घाम फुटला होता, श्वास लागला होता आणि मनातून असं काही उसळून येत होतं की तिला हसू आवरेना. शेवटचा पाट काढून जॅक सोडला तेव्हा गाडी दोन पांढऱ्या रेघांच्या बरोबर मध्ये उभी होती.

हर्षद बाहेर आला तो धावतच. गाडीला हात लावलाच कसा, ही लाखांची वस्तू आहे, मी पोलीस बोलावतो. त्याने खरंच बोलावले. सपना घाबरली. शेवंतीला वाटलं होतं की आपणही घाबरू, पण तिला फक्त घड्याळाची काळजी होती. बारा वाजून गेले होते. ती व्हॅनमध्ये डबे चढवत राहिली.

जवळच्या नाक्यावरून दहाएक मिनिटांत एक हवालदार मोटारसायकलवर आले. पोट सुटलेले, सावकाश बोलणारे. त्यांनी आधी हर्षदचं सगळं ऐकून घेतलं. मग गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं, दारावरून बोट फिरवलं. ओरखडा कुठे दाखवा म्हणाले. हर्षदला तो सापडेना. मग शेवंतीने फोटो दाखवले, आणि मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी भीमराजचं काय झालं तेही सांगितलं, आवाज न चढवता.

हवालदार मॅनेजरकडे वळले. ही जागा कुणाची, असं त्यांनी विचारलं. जिमची, मॅनेजर म्हणाला.

"म्हणजे जिमला आलेल्या माणसाची गाडी जिमच्या जागेत उभी आहे," हवालदार म्हणाले. "आता यात मी तक्रार काय लिहू?"

काचेमागून कुणीतरी हसलं. हर्षदचे कान लाल झाले. तो शेवंतीकडे वळून पुन्हा म्हणाला की हात लावायचा तुम्हाला काय अधिकार होता.

"तू माझं फाटक अडवलंस," ती म्हणाली. "मी तुझं काही अडवलं नाही. जिथे लावायची होतीस तिथे लावून दिली. आणि डबेच न्यायचेत मला. पंचेचाळीस."

हवालदारांनी फोटोवरून हर्षदच्या गाडीवर चलान फाडलं. पाट मात्र त्यांनी हातात घेऊन उलटेपालटे करून बघितले, कुठे बनवले ते विचारलं आणि जाता जाता म्हणाले की बाई, दरवेळी हे करू नका, आधी आम्हाला फोन करा. पण ते म्हणताना त्यांच्या मिशीखाली हसू होतं.

त्याच संध्याकाळी साखळी निघाली. पुढच्या सोमवारपासून जिमच्या दारात एक वॉचमन उभा राहू लागला, आणि फाटकाकडे वळणाऱ्या गाड्यांना तो लांबूनच हात करू लागला. हर्षद महिनाभर दिसला नाही. मग दिसला तो चालत, बॅग खांद्याला लावून. शेवंती फाटक उघडत होती. त्याने थांबून दुसरी झडप धरली आणि ती व्हॅन काढेपर्यंत धरून उभा राहिला. तिनेही मान हलवली.

पण हे सगळं नंतरचं. त्या गुरुवारी ती एकच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना साकीनाक्याला पोचली. जिममधल्या एकाने काढलेला आणि सपनाने पुढे पाठवलेला व्हिडिओ तिच्या आधीच तिथे येऊन धडकला होता. गाळ्यांच्या तोंडाशी माणसं उभी होती, आणि बाळा हात पुसत पुढे आला. तो नुसता हसत राहिला. भीमराजने आपला डबा स्वतः येऊन घेतला. मग सगळ्यांनी तिला जाऊच दिलं नाही. एका उलट्या क्रेटवर बसवलं, कुणी आपली भाकरी दिली, कुणी वाटीत आमटी काढून दिली. चार वर्षं डबे पोचवत होती, पण त्या माणसांच्या पंगतीला ती कधी बसली नव्हती.

तिने घास आमटीत बुडवून तोंडात घातला आणि थांबली. आमटीत मिठाचा कणही नव्हता. सकाळी गाडी दिसल्यावर ती हातातलं सगळं टाकून फाटकाकडे धावली होती. तिने मान वर करून पाहिलं. पंचेचाळीस माणसं खाली माना घालून, काहीही न बोलता, मन लावून जेवत होती.