फोटोंमागे अडकलेले टपाल

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मी रागावलो आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळव्या होतात, असे तुम्ही वाचले असेल. मला तेवढी सवड नाही.

वसईच्या पूर्वेला एका गाळ्यात पंपांचे व्हॉल्व्ह बनवणारा छोटा कारखाना आहे. तिथल्या ऑफिसात दोन हजार साली मला बसवले. विरारच्या संगणक दुरुस्त करणाऱ्या कौस्तुभने पाच टेबलांवरच्या संगणकांच्या तारा आणून मला जोडल्या. दर अर्ध्या तासाने मी मोडेममधून टेलिफोन लावायचा, बाहेर साठलेले ईमेल एकामागून एक उतरवून घ्यायचे आणि ज्याचे त्याच्या टेबलावर पोचवायचे, हे माझे काम. पोस्टमनच म्हणा ना!

पहिले वर्ष कौतुकात गेले. मालक सदानंदराव पाहुण्यांना मुद्दाम आणून मला दाखवत. दसऱ्याला झेंडूचा हार मिळे. पुढे माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवू लागले आणि "चालतंय की, कशाला बोलवायचं?" म्हणून कौस्तुभचे येणेही बंद केले. माझी धूळ पुसायची ती एकटी सालोमी. ती जवळच्या गास गावाहून यायची. आलेले प्रत्येक पत्र छापायचे, त्यावर शिक्का मारायचा आणि आवक-जावकच्या वहीत नोंदवायचे, हा तिचा शिरस्ता. त्या वहीत कधी खाडाखोड नसे.

दोन हजार दोनच्या दिवाळीत सदानंदरावांना नात झाली, तीही अमेरिकेत. मुलाने, विघ्नेशने, तिचे छोटे छोटे फोटो पाठवले. आजोबांचे समाधान होईना. ते फोनवर ओरडले, "अरे, तिचं नाक पण दिसत नाही! मोठे पाठव. आहेत तेवढे सगळे पाठव!" विघ्नेशने चौदा भलेमोठे फोटो एकाच पत्रात घालून पाठवले.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! आमच्या संथ लाइनवर एवढे फोटो उतरायला दीड तास तरी हवा. ऑफिसात लाइन एकच, आणि टेलिफोन सदानंदराव साहेबांच्या टेबलावर. त्यांनी रिसीव्हर उचलला की माझे कनेक्शन तुटे आणि मला पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरुवात करावी लागे. रात्री ऑफिस बंद करताना मलाही बंद करत. बाकीची सगळी पत्रे मागे रांगेत ताटकळत. त्याच रांगेत राजकोटच्या गिऱ्हाइकाचे पत्र होते: व्हॉल्व्ह सव्वा इंची नकोत, दीड इंची करा.

दुसऱ्या दिवशी सालोमी वही घेऊन साहेबांपुढे उभी राहिली. "सर, कालपासून एक पण मेल नाही आला. कोणाचाच नाही. कौस्तुभला बोलवूया का?"

"सणाचे दिवस आहेत गं. कोण पत्रं लिहीत बसलंय?" असे म्हणत साहेबांनी रिसीव्हर उचलला. तोवर माझे अकरा फोटो उतरले होते. ते वाया गेले.

पाच दिवसांत लाइन बेचाळीस वेळा तुटली. माल सव्वा इंचीच गेला आणि राजकोटच्या गिऱ्हाइकाने फोन करून सगळाच्या सगळा नाकारला. साहेब सालोमीवर कडाडले, "ते म्हणतात मंगळवारीच मेल केला होता. मेल काय वाटेत सांडतो? तूच पुसून टाकलास!"

"नाही हो सर. आलाच नाही. वहीत बघा ना."

वही त्यांनी उघडलीसुद्धा नाही.

साहेबांनी रिसीव्हर उचलला की माझे काम तुटते, हे ताडून दुसऱ्या दिवशी सालोमी सकाळी आठलाच आली आणि रिसीव्हरवर हात ठेवून बसली. साडेनऊला फोटो उतरले आणि त्यांच्यामागून एकोणीस पत्रे आली. तिने ती छापली, शिक्के मारले, साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी आधी नात पाहिली. "अगदी माझ्या आईवर गेलीय," म्हणत त्यांनी चौदाही फोटो पुन्हा एकदा पाहिले. मग राजकोटचे पत्र हातात घेऊन ते म्हणाले, "आज बरं सापडलं! इतके दिवस दाबून ठेवलं होतंस ना?"

"नऊ वर्षं झाली सर मला इथे," सालोमी म्हणाली. तिने वही टेबलावर ठेवली आणि ती निघून गेली.

याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी! पुढे दोन कारखान्यांतून तिच्याबद्दल विचारणा झाली. दोन्ही वेळा साहेबांनी फोनवर एकच सांगितले, "ती बाई कागद दाबते." मी ऐकत होतो. मला तोंड असते तर मी गाळा डोक्यावर घेतला असता.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मला नका जपू. मी आता माळ्यावर आहे, मला खुशाल भंगारात घाला. पण त्याआधी एकदा माझा प्लग लावा. लाइन कोणत्या तारखेला, किती वाजता, कितव्या फोटोवर तुटली, याची नोंद मी ठेवली आहे. बेचाळीस ओळी आहेत. त्या छापा आणि गासला सालोमीच्या घरी नेऊन द्या. एक प्रत साहेबांपुढे ठेवा आणि ते वाचेपर्यंत तिथून हलू नका.

भंगारवाला शनिवारी येणार आहे.