अकरा मरणांची वही

मी एक जुनी, दोनशे पानी वही. पुठ्ठ्याचा निळा रंग उडाला आहे, शिवणही सैल झाली आहे. पण मित्रांनो, माझ्यात एक अख्खी कादंबरी आहे.

ती लिहिणाऱ्या बाई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करत होत्या. जेवणाच्या सुट्टीत एका हाताने डबा संपवायच्या आणि दुसऱ्या हाताने लिहायच्या. समुद्र कधी पाहिला नव्हता, तरी गोष्ट जहाजाच्या कप्तानाची! शेवटच्या वीस पानांत तर त्यांनी अकरा माणसं मारली. प्रकाशकाने मला परत पाठवलं. सोबत एकच ओळ होती : ‘भाषा कच्ची आहे.’ बाईंनी माझ्या पहिल्या पानावर ‘कुणाला दाखवू नये’ असं लिहिलं आणि मला कपाटाच्या तळाशी ठेवून दिलं.

पुढे त्यांच्या नऊ कादंबऱ्या गाजल्या. त्यांनी तीन घरं बदलली, आणि दर वेळी मीही सामानातून गेले. मात्र मला कुणी उघडलं नाही. चाळीस वर्षं कसर तेवढी माझी वाचक होती.

बाई वारल्यावर मी त्यांच्या भाचीच्या हाती लागले. तिने मला मुद्रितशोधक काकांकडे नेलं. नऊही कादंबऱ्यांची प्रुफं त्यांनीच तपासली होती. बाईंचं लेखन म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

काकांनी दोन दिवस खिडकीपाशी बसून मला वाचलं. आधी त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. अकराव्या मरणाला हसू आवरेना. मग पानं मागे उलटत ते एका जागी थांबले. तिथे कप्तानाची बायको आणि मुलगी न बोलता चादरीची घडी घालतात. घडी लहान होत जाते, तशा त्या एकमेकींजवळ येतात.

“बाई, इथे आहात होय!” काका म्हणाले.

भाची मात्र धास्तावली होती. “काका, मावशीचं हसं होईल हो. जरा सुधारून द्या ना. निदान पाच-सहा मरणं तरी कमी करा.”

“एकही नाही. बावीस वर्षांच्या पोरीचं लिखाण मी म्हाताऱ्याने कशाला सारखं करायचं?”

“पण दाखवू नये, असं तिनेच लिहिलंय.”

काकांनी पहिलं पान उघडून ती ओळ पुन्हा वाचली. “लिहिलंय खरं,” ते म्हणाले. “पण कागद फाडायला बाईंचा हात कधी अडला नाही. चौथ्या कादंबरीची दीडशे पानं माझ्यासमोर फाडली त्यांनी. हिला मात्र जपलं. आता तू ठरव.”

भाचीने आठवडाभर विचार केला आणि मला छापायला दिलं. एक अक्षर बदललं नाही. बाईंची ती मनाईची ओळही तशीच छापली.

‘हे पुस्तक नसतं आलं तरी चाललं असतं,’ असं एका परीक्षणात आलं. दुसऱ्यात चादरीच्या पानाचं कौतुक होतं. मला दोन्ही पटतं. बाईंना काय वाटलं असतं, ते मलाही सांगता येणार नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाचं तरी कच्चं लिखाण पडलेलं असेल. ते हलक्या हाताने उघडा. चुका दिसल्या तर खुशाल हसा. फक्त हातातली पेन्सिल खाली ठेवा, आणि पुढचं पान उलटा.