मर्टल घरी परतत नाही

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. पेटीत मावणारा, वर मूठ असलेला. हल्ली ओहायोतल्या एका गावाच्या वाचनालयात खिडकीपाशी असतो. मुलं येतात आणि माझ्या सगळ्या कळा एकदम दाबतात. मग माझे अक्षरांचे दांडे एकमेकांत अडकतात.

दुकानातून मी थेट विनिफ्रेडच्या स्वयंपाकघरात आलो. बटाटे उकडायला ठेवून ती माझ्यापुढे बसे आणि मासिकांसाठी गोष्टी लिही. त्यांतली बायको भांडून माहेरी जाई आणि शेवटच्या पानावर परत येऊन कॉफी ठेवी. अशा कितीतरी बायका मी घरी आणून सोडल्या. लोक वाहवा करत. मीही फुगत असे.

मग एका गोष्टीत मर्टल आली. तिने बॅग उचलली, पण ती काही परतेना. मासिकाने गोष्ट परत धाडली. तिला घरी आणा, मग छापू, असा निरोप होता.

विनिफ्रेडने ते शेवटचं पान माझ्यात चढवलं आणि ती वाळलेले कपडे आणायला अंगणात गेली. तेवढ्यात तिचा नवरा ऑर्व्हिल कामावरून आला. पान वाचून त्याने खुर्ची ओढली आणि तो दोन बोटांनी मला ठोकू लागला. इतक्या जोरात मला कुणीच हाणलं नव्हतं.

ती आत आली. "आणली बघ मर्टलला," तो म्हणाला. "आता छापतील."

तिने वाकून वाचलं. "आल्या आल्या कॉफी ठेवायला लावलीस?"

"मग काय पाहुणीसारखी बसेल?"

"कुठे होतीस, एवढं तरी नवऱ्याने विचारायचं."

त्याने बोटं कळांवरून काढली. "विनी, ही गोष्ट आपली आहे का?"

ती टॉवेलांच्या घड्या घालत राहिली.

"मी पितो? हात उगारतो? कोर्टात माझा दोष काय सांगशील? दोष दाखवल्याशिवाय घटस्फोट देत नाहीत कुणाला."

"म्हणून तर मर्टल कोर्टात जात नाही. नुसती निघते."

"आणि रविवारी चर्चच्या जेवणाला जो तो घरून पदार्थ आणतो, मी काय घेऊन जाऊ? रिकामे हात?"

"भांडं खालच्या फळीवर असतं, ऑर्व्हिल. लग्न झाल्यापासून तिथेच आहे."

बटाट्यांचं पाणी उतू गेलं. दोघांपैकी कुणीच हललं नाही. मग ती माझ्यापुढे बसली. त्याच्या ओळीवर तिने एकेक करत फुल्या मारल्या, शेवटच्या अक्षरापर्यंत. ओळ संपल्याची माझी घंटी वाजली. तिने झाकण लावलं आणि मूठ धरून मला उचललं. आतल्या अंधारात मला एवढंच कळलं, की आम्ही घराबाहेरच्या पायऱ्या उतरत होतो.

मर्टल कधीच छापली गेली नाही. पुढे विनिफ्रेडची भाची लोइस माझ्यावर लिहू लागली. तिच्या गोष्टीतली बायको पहिल्याच ओळीत निघून जाई, आणि मासिकं ते मुकाट्याने छापत. उरलेली गोष्ट घरी राहिलेल्या नवऱ्याची असे. तो फळ्यांवर भांडं शोधत बसे. अशा पानांवर लोइसची बोटं हळू चालत.

मित्रांनो, माझ्याशी जरूर खेळा, पण कळ एका वेळी एकच दाबा. आणि माझ्यात कुणाचं अर्धं पान दिसलं, तर ते तुम्ही पुरं करू नका. लिहिणारी अंगणातून येईपर्यंत थांबा.