हनानची ओटी

नीनाताईंनी नारळाला हळदकुंकवाचं बोट लावलं, तेवढ्यात दीनानाथराव आयपॅड नाचवत किचनच्या दारात येऊन उभे राहिले.

"बघ, बघ! कालपर्यंत ज्यांना टेररिस्ट म्हणत होते, आज त्यांच्याच शेजारी बसून आपले मिनिस्टर फोटो काढून घेतायत."

"अहो, हळू बोला. हनान येतेय."

हनान म्हणजे शेजारची, मूळची दमास्कसची. जुन्या राजवटीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा तिच्या डॉक्टर नवऱ्याला दवाखान्यातून उचलून नेलं. ही एकटीच कशीबशी इथे, लंडनच्या पिनर उपनगरात येऊन पोचली. आता ती राजवट पडली होती आणि सत्तेवर आले होते धर्माचं राज्य मागणारे. ब्रिटनने त्यांच्याशी अजिबात संबंध जोडू नयेत, असं दीनानाथरावांचं ठाम मत. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर रोज सकाळी त्यांचं परराष्ट्र खातं उघडायचं, ते नीनाताई जेवायला हाक मारीपर्यंत.

हनान आज दमास्कसला निघाली होती, नवऱ्याचा शोध घ्यायला. एवढ्या लांब निघालेल्या पोरीला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? म्हणून हे ओटीचं ताट.

"अगं, पण ओटी सवाष्णीची भरतात," दीनानाथराव आवाज खाली आणत म्हणाले. "त्याचा इतकी वर्षं पत्ता नाही."

"पत्ता नाही म्हणजे माणूस नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" नीनाताई फणकारल्या. "मी नाही भरली, तर मीच त्याला मारल्यासारखं होईल."

बेल वाजली. हनान कोट घालून, केस मोकळे सोडून आली. दीनानाथरावांना कुठला दम निघायला!

"पोरी, भीती नाही वाटत तुला?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "उद्या हे केस झाकायला लावतील. आणि आमचं सरकार त्यांना चहा पाजतंय."

"वाटते ना, अंकल. मला ते मुळीच आवडत नाहीत." हनान शांतपणे म्हणाली. "पण तुरुंगाच्या किल्ल्या आता त्यांच्याकडे आहेत. तुमचं सरकार त्यांच्याशी बोलायला लागलं, म्हणून तर माझी चौकशी तिथवर पोचली."

"मग? काही कळलं?" नीनाताईंनी विचारलं.

"काल कळलं. तो पहिल्याच हिवाळ्यात गेला, आंटी. पुरलेली जागा दाखवणार आहेत. आता त्याला नीट दफन करायला चाललेय."

"अगं बाई गं," एवढंच नीनाताईंच्या तोंडून निघालं. त्यांनी तिला जवळ घेतलं. दोघी बराच वेळ रडल्या. मग डोळे पुसता पुसता नीनाताईंनी ताट हळूच मागे सारलं.

हनानचं लक्ष गेलं.

"हे माझ्यासाठी होतं?"

दीनानाथराव पुढे झाले.

"आमच्यात लेक माहेराहून निघाली की असं देतात. कोटाचा घोळ धर पुढे." मग मराठीत बायकोला म्हणाले, "बघतेस काय? भर."

"अहो, पण सवाष्ण..."

"लेक आहे ना? भर."

पण नीनाताई ताटाला हात लावेनात. शेवटी दीनानाथरावांनीच ओंजळीने तांदूळ घातले, वर नारळ ठेवला. पुरुषाने ओटी भरलेली त्यांच्या घरात कुणी पाहिली नव्हती.

"तिकडचं सगळं नीट आटप आणि घरी ये," ते हनानला म्हणाले. "तुझी आंटी वाट बघेल."

त्यांनी ताट उचललं.

"मीही बघेन."