तीसपैकी अकरा

स्मरणशक्तीच्या तपासणीत आजींना तीसपैकी अकरा गुण मिळाले आणि त्यांच्या मुलाने सुस्कारा सोडला. "म्हणजे आता हिला एकटं ठेवून चालणार नाही. वृद्धाश्रमात जागा बघतोच."

डॉक्टरीणबाईंनी अहवालावर सही करायला पेन उघडलं, पण एक गोष्ट त्यांना राहून राहून खटकत होती. ऐकलेले पाच शब्द परत म्हणायचे होते, तर आजींनी एकही म्हटला नव्हता. विसरणारा माणूस निदान एखादा तरी अंदाजाने ठोकून देतो. या मात्र ओठ मिटून बसल्या होत्या.

आजी परमुलखातल्या, भाषा निराळी. मुलगा लहानपणीच शिकायला इकडे आलेला, आणि आज दुभाषाही तोच. बाईंनी त्याला बाहेर बसवलं आणि आजींची भाषा जाणणाऱ्या दुभाषी मावशींना बोलावलं.

मावशींनी आधी आजींशी इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. मग त्या हसल्या.

"बाई, मानाच्या माणसाचं बोलणं तसंच्या तसं परत म्हणायचं म्हणजे त्याला वेडावून दाखवायचं, असं यांना लहानपणी शिकवलंय. तुम्हाला कशा वेडावतील?"

"आणि घड्याळाचं चित्र का काढलं नाही?"

"जन्मात पेन्सिल धरलेली नाही. चाळीस वर्षं मासेमारीची जाळी विणली. तुमची परीक्षा शाळेत गेलेल्यांची आहे, बाई."

बाई ओशाळल्या, पण त्यांचं कुतूहल आता गप्प बसेना. त्यांनी सुतळी मागवली. "मला जाळं विणायला शिकवा म्हणावं."

आजी खुलल्या. बाईंची तिसरी गाठ चुकली तशी त्यांनी ती सोडायला लावली, पहिल्यापासून पुन्हा दाखवली. वीस मिनिटांनी मावशींनी सहज विचारलं, "मघाचे ते शब्द मला सांगता? मी तेव्हा इथे नव्हते." आजींनी चार सांगितले. पाचवा काही आठवेना. मग त्यांनी मावशींना हळूच काहीतरी विचारलं.

"म्हणतायत, माझं घर मला न विचारताच बंद करायचं ठरलं का?"

बाईंना फार वाईट वाटलं. त्यांनी अकराचा आकडा खोडला आणि लिहिलं : 'या गुणांवरून निष्कर्ष काढू नये. सहा महिन्यांनी घराबाहेरच्या दुभाष्यासह पुन्हा तपासावे. तोवर स्वतःच्या घरी राहण्यास हरकत नाही.'

मित्रहो, दुसऱ्याच्या बुद्धीला गुण देण्याआधी आपली प्रश्नपत्रिका त्याला वाचता येते का, हे बघायला नको का?

मुलाने आत येऊन अहवाल दोनदा वाचला. मग तो आईसमोर खाली बसला आणि तिच्या भाषेत, अडखळत, त्याने पहिल्यांदाच विचारलं, "आई, तुला कुठे राहायचंय?"