घसरगुंडीवरचे साहेब

ड्रायव्हर तुरुंगातून सुटून घरी आला तेव्हा बायकोने दार उघडायच्या आधीच आतून भुंकणं ऐकू आलं. भेटीला यायची तेव्हा तिने सांगितलं होतं की एक पिल्लू पाळलंय, घर खायला उठतं म्हणून. आता दारात उभा होता तो आखूड पायांचा, लांबुडक्या अंगाचा तांबूस कुत्रा. एक कान ताठ, दुसरा लोंबता. घर आपलं आणि हा आगंतुक, अशा नजरेने तो ड्रायव्हरला न्याहाळत होता.

"याचं नाव साहेब," बायको म्हणाली.

"आत सगळ्यांना साहेब म्हणून जीभ झिजली माझी. आता घरातही?"

ती हसली. तो हसला नाही, पण चपला काढून आत आला.

तो शहरात बस चालवायचा. शेवटच्या थांब्यावर बस मागे घेताना एक लहान मुलगी मागच्या चाकाखाली आली. डावा आरसा त्याने पाहिला नव्हता. कोर्टात त्याने तेच सांगितलं, आणि त्याच्या वकिलाने कपाळावर हात मारून घेतला. तो आत असताना बायकोने जुनी जागा सोडली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथं त्यांना कोणी ओळखत नव्हतं, दोन खोल्या भाड्याने घेतल्या. ती एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. वाफेने तिचे हात कोपरापर्यंत लाल झालेले असायचे.

ड्रायव्हर घराबाहेर पडेना. दिवसभर खिडकीकडे पाठ करून कॉटच्या कडेला बसायचा. रस्त्यावर एखादी मोठी गाडी मागे येताना वाजायला लागली की न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचा.

एका संध्याकाळी बायको कामावरून आली ती थेट जमिनीवर बसली. कुत्रा दाराशी कुरकुरत होता.

"अहो, आज तुम्ही न्या त्याला. माझ्या पायांत त्राण नाही."

"मला इथले रस्ते माहीत नाहीत."

"त्याला माहीत आहेत. तुम्ही फक्त पट्टा धरा."

साहेबांनी त्याला जवळजवळ फरफटतच नेलं. पाण्याच्या टाकीमागे मुलांचं मैदान होतं. तिथं पोचताच कुत्र्याने हिसका देऊन पट्टा सोडवला आणि घसरगुंडीच्या शिडीपाशी, मुलांच्या रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला. ड्रायव्हर पळत मागे गेला, तर एका मुलाने त्याला अडवलं.

"काका, त्याचा नंबर येऊ द्या."

नंबर आला. साहेब धापा टाकत एकेक पायरी चढले, वर पोचल्यावर इकडेतिकडे पाहिलं, पोटावर पसरले आणि सुर्रकन खाली आले. खाली वाळूत तोंड आपटलं. शिंकले, अंग झाडलं आणि पळत जाऊन पुन्हा रांगेत शेवटी उभे राहिले. मध्येच एक धटिंगण मुलगा पुढे घुसला तर साहेबांनी त्याची चड्डी मागून धरून ओढली. बाकांवरचे आईबाप पोट धरून हसत होते. ड्रायव्हरच्या तोंडूनही काहीतरी आवाज निघाला. आपण हसलो हे त्याला जरा उशिरा कळलं.

मग तो रोज जाऊ लागला. साहेबांच्या करामतींना तोटा नव्हता. कोणाचा बूट पळवून झुडपात पुरायचे आणि बुटाचा मालक शोधायला लागला की स्वतःही त्याच्याबरोबर शोधत फिरायचे. स्वतःच्या सावलीवर गुरगुरायचे, पण खरी मांजर दिसली की ड्रायव्हरच्या पायांमागे लपायचे. लोक ड्रायव्हरला 'साहेबांचे बाबा' म्हणू लागले. एक निवृत्त नर्स नातीला घेऊन यायची. तिच्या बाकावर ड्रायव्हरची जागा ठरून गेली. नात बुजरी होती, जाड भिंगांच्या चष्म्यामुळे मुलं तिला चष्मिस म्हणायची. घसरगुंडीला ती भ्यायची. एक दिवस साहेबांच्या मागोमाग वर चढली आणि त्यांच्या शेपटीला धरून खाली आली. त्या दिवसापासून ती ड्रायव्हरशी बोलू लागली.

घरी तो जेवताना हे सगळं बायकोला सांगायचा. ती हातातला घास तसाच ठेवून ऐकायची.

मग एका संध्याकाळी बाकावरून उठताना नर्सबाईंचा गुडघा धरला. त्या पुन्हा खाली बसल्या.

"हिला तेवढं रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत सोडता का? शेजारीण आहे घरी. मी येते सावकाश."

चष्मिसने तोवर त्याचं बोट धरलं होतं.

"मला नाही जमणार," ड्रायव्हर म्हणाला.

"अहो, दोन मिनिटांचं तर काम."

"दुसऱ्या कोणाला तरी सांगा, बाई."

"दुसऱ्या कोणाचं बोट धरत नाही ती, म्हणून तर तुम्हाला म्हणते."

पाय दुखतोय म्हणाला असता तरी भागलं असतं. पण मुलगी चष्म्यातून वर त्याच्याकडे बघत होती. समोर रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली होती. तो वाकला आणि मुलीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात नर्सबाईंशी बोलला.

"मी बस चालवायचो. माझ्या बसखाली एक मुलगी गेली. हिच्याच वयाची. चूक माझी होती. त्यासाठी तुरुंगात होतो, आत्ता सुटलोय."

नर्सबाईंनी नातीची बोटं त्याच्या बोटावरून हलकेच सोडवली, बाकाचा आधार घेऊन उठल्या आणि तो दुखरा पाय ओढत तिला घेऊन निघाल्या. त्या दोघी पलीकडे पोचेपर्यंत ड्रायव्हर जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी कोणी त्याला वेडंवाकडं बोललं नाही. तो मैदानात शिरला तसं एका बाईला घरी गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं. एका बापाने मुलाला अभ्यासाला हाक मारली. थोड्याच वेळात घसरगुंडी मोकळी झाली. साहेबांना मात्र आनंद झाला, रांगच नव्हती. चढले, घसरले, पुन्हा चढले, पुन्हा घसरले. खाली आले की दर वेळी जीभ बाहेर काढून बाकांकडे बघायचे. तिथं कोणी हसत नव्हतं. ड्रायव्हरने हाका मारल्या तरी ते येईनात, तेव्हा त्याने शेवटी त्यांना काखेत उचललं आणि घरी आणलं.

"सांगायची काय गरज होती?" बायकोने विचारलं. तिचा आवाज चढला होता. "कोणी ओळखू नये म्हणून इतक्या लांब जागा शोधली मी."

"तिने माझं बोट धरलं होतं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर पाय सुजलेले असतानाही तीच कुत्र्याला घेऊन गेली. नर्सबाईंनी तिला बसायला जागा दिली.

"मी फक्त हिच्या आईला सांगितलं," नर्सबाई म्हणाल्या. "तिला सांगणं भागच होतं. पुढे ती कोणाकोणाशी बोलली, मला ठाऊक नाही."

"ते खोटं बोलले असते तर चाललं असतं?"

"चाललं असतं. मला बरंच वाटलं असतं." त्या थोडा वेळ गुडघा चोळत राहिल्या. "माणूस वाईट नाही, हे कळतं मला. पण पोरीला कोणाबरोबर पाठवताना ते कळून उपयोग नसतो हो."

कुत्र्यावर मात्र कोणाचा राग नव्हता. बायको आणायची तेव्हा मुलं पुन्हा जमायची, आईबाप हसायचे. ड्रायव्हर धुलाईखान्यातच बॉयलरवर कामाला लागला. तिथल्या घरघरीत कोणाशी बोलावं लागत नसे. संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, आणि ती आली की विचारायचा, "आज काय केलं साहेबांनी?" ती सांगायची, थोडं वाढवूनच.

एकदा सांगता सांगता ती थांबली.

"चष्मिस विचारत होती, काका कुठं गेले म्हणून. मी म्हटलं, कामावर. रोज विचारते. काय सांगू तिला?"

भिंतीकडचं तोंड त्याने वळवलं नाही.

"गेले, आता येणार नाहीत म्हणून सांग," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मुलीने पुन्हा विचारलं तेव्हा बायकोने कामावर गेलेत असंच सांगितलं. ती घरी आली, कुत्र्याच्या वाडग्यात पाणी ओतलं आणि त्याच्या रोजच्या प्रश्नाची वाट पाहत उभी राहिली. त्याने काही विचारलं नाही. तिनेही आपणहून सांगितलं नाही. त्यानंतर त्या घरात मैदानाचा विषय निघाला नाही.