खुर्चीचा डावा हात

“वहिनी, हा डावा हात तेवढा खोटा वाटतो,” दलाल म्हणाला.

बाईला हसूच आलं. तीस वर्षं नवऱ्यानं सहाशे वर्षांपूर्वीच्या धाटणीच्या खुर्च्या घडवल्या. उंच पाठ, वर टोकदार कमान, कमानीत कोरीव पानं. आणि त्या कोऱ्या खुर्च्या म्हाताऱ्या केल्या बाईनं. साखळीनं बडवायचं, टोच्यानं किडीची भोकं पाडायची, हात टेकतात तिथं वाळूकागद घासायचा. जन्मालाच न आलेल्या माणसांचे हात तिनं लाकडात उमटवले, कुणाच्या बापाला कळलं नाही. आणि एकुलती एक खरी झीज, ती मेल्यानं पकडली!

“झिजलं तर सगळं झिजतं. करंगळीशेजारी हा उंचवटा कसा?”

“बसणाऱ्याला ते बोट नव्हतं. करवतीनं नेलं होतं.”

दलालानं नजर वळवली. “उद्या गाडी येईल. सहाही सारख्या हव्यात.”

मागणी सहाची होती. पाच करून नवरा गेला. ही सहावी त्याची पहिलीवहिली, नमुन्याची. जन्मभर तो हिच्यातच बसला. तो गेल्यापासून रोज दिवेलागणीला ती रिकामीच करकरायची, अन् बाई आतून ओरडायची, “आले, आले!”

“आई, पाचच आहेत म्हणून सांगू,” लेक म्हणाला.

“तुझ्या बापानं सहाचा शब्द दिलाय. नवी तू कोरणार? पेन्सिलीला टोक काढता येत नाही तुला!”

“मग तो उंचवटा तरी घासतो.” त्यानं वाळूकागद उचलला.

“हात तर लाव, तंगडी मोडीन!”

कागद हिसकावून बाईनं बाकीच्या पाच खुर्च्या खिडकीशी ओढल्या. त्या उंचवट्यावरून डोळे मिटून बोट फिरवायचं, मग नव्या हातावर घासायचं. पुन्हा बोट, पुन्हा घासणं. बोटांची सालटं निघाली, पण पाचही खुर्च्यांवर चार बोटांच्या खाचा उतरल्या आणि एका बोटाची जागा तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दलालानं सहाही हातांवरून तळवा फिरवला. “आता एकाच माणसाच्या वाटतात.”

“वाटतात काय? आहेतच.”

गाडी गेली. जमिनीवर नवऱ्याच्या खुर्चीच्या चार पायांचे ठसे उरले. बाईनं तेवढी जागा सोडून केर काढला.

दिवेलागण झाली. कुठंच काही करकरलं नाही. लेकानं दिवा लावला. बाई थोडा वेळ कान देऊन बसली, मग गुडघ्यावर हात टेकत उठली आणि त्या ठशांकडे बघून हळूच म्हणाली,

“आले.”